बिलासाठी घेतलेल्या ईमेलवर जाहिरात पाठवली तर चालते का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की रत्नागिरीहून तुम्ही कोकम आगळ, आंबापोळी ऑनलाइन विकता, बिलांवरून जमलेले ईमेल होतेच, त्यात एका एजंटकडून 'सगळे ऑप्ट-इन आहेत', म्हणजे सगळ्यांनी जाहिरातीला स्वतःहून होकार दिलाय, असं सांगितल्यावर आणखी एक लिस्ट विकत घेतली, सगळ्यांना दिवाळीची ऑफर पाठवली आणि आता एक जण विचारतोय की माझा पत्ता कुणी दिला, केस करतो.

आधी घाबरायचं थांबवा. ईमेल स्पॅमसाठी आपल्याकडे वेगळा कायदा अजून नाहीये, ट्रायचे (टेलिकॉम नियामक संस्थेचे) २०१८ चे नियम आहेत ते कॉल आणि एसएमएससाठी. पण म्हणून ती लिस्ट वापरत रहा असं मी अजिबात सांगणार नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, आणि त्यातलं कलम ६ सांगतं की संमती नेमक्या कामासाठी आणि स्वतःहून दिलेली हवी, वाद झालाच तर ती घेतली होती हे सिद्ध तुम्ही करायचं. एजंट काय पुरावा देणार, एक्सेल फाइल?

बिलावरच्या पत्त्यांचंही तसंच. कायद्यातच मेडिकलच्या दुकानाचं उदाहरण दिलंय, गिऱ्हाईकाने पावती मोबाईलवर पाठवा म्हणून नंबर दिला तर तो पावती पाठवायला वापरायचा. म्हणून ऑर्डरच्या पानावर वेगळी चौकट ठेवा, 'नवीन माल आला की मला ईमेल करा', आणि ती रिकामीच ठेवा, आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नाही हे युरोपच्या कोर्टाने २०१९ मध्ये प्लॅनेट४९ च्या केसमध्ये ठरवलंय आणि आपल्या कायद्याचा सूरही तोच आहे. टिक केल्यावर एक कन्फर्मेशन मेल जाऊ दे, तारीख-वेळ सेव्ह करा. प्रत्येक मेलखाली अनसबस्क्राइब हवंच, तेही लॉगिन न मागता. माझ्या मते खरा ऑप्ट-इन आणि स्पॅम इथेच वेगळा कळतो.

त्या माणसाला आजच उत्तर द्या, लिस्ट कुठून घेतली ते खरं सांगा, माफी मागा, त्याचा पत्ता काढल्याचं कळवा. विकत घेतलेली लिस्ट पुन्हा वापरू नका. एजंटकडे संमतीचा पुरावा आणि पैसे परत लेखी मागा, आणि त्याने 'ऑप्ट-इन' म्हणून लिहून दिलेलं व्हॉट्सॲप चॅट चुकूनही डिलीट करू नका, उद्या नोटीस आलीच तर तेच कामाला येईल.