रान विकू का?

"मॅडम, दोन एकर रान आहे. विकून टाकू का?" खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं विचारलं. सोलापूरकडचा तिशीतला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वडिलांचा तोंडाचा कॅन्सर आता हाडांत उतरलेला. "शेवटच्या स्टेजला सरकार कशाला पैसा घालंल?" असं गावात कुणीतरी डोक्यात भरवलेलं.

मुंबईतल्या रुग्णालयात पेशंटच्या खर्चाची सोय बघणाऱ्या आमच्या खोलीत हा प्रश्न सारखा येतो. मी उत्तराआधी रेशनकार्ड मागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आजार पसरलाय म्हणून कुणी कार्ड परत करत नाही. दुखणं कमी करायला देतात ते रेडिएशनही त्यात बसतं. घाई एवढ्याचसाठी, की योजना काय किंवा मुख्यमंत्री सहायता निधी काय, पैसे थेट रुग्णालयाला जातात. व्याजानं काढून भरलेलं बिल मागाहून घेऊन येणाऱ्यांना मी काय सांगू?

त्यानं प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उलटी केली. स्कॅनच्या फिल्म, रबरबँड लावलेली मेडिकलची बिलं, आधारची झेरॉक्स. कार्ड नाही.

"ते चुलत्याकडं आहे." मग खाली बघत, "बांधावरनं बोलणं बंद आहे. सात वर्षं."

कार्ड कधी वेगळं केलंच नव्हतं. माझ्या टेबलावर योजना नियमांपेक्षा भाऊबंदकीत जास्त अडते.

"अप्पांना विचारलंत?"

"त्यांना पैशाचं काही बोललो नाही. हाय खातील."

अप्पा बाहेर बाकावर होते, तोंडाला टॉवेल लावून. मुलाला विचारून त्यांना आत घेतलं आणि सगळं सांगितलं. हाय वगैरे काही खाल्ली नाही. मुलाकडं बघून बोटानंच खुणावलं, नंबर लाव. जबडा उघडत नव्हता. "अण्णा, कार्ड घेऊन ये," हे चार शब्द पलीकडं कळेनात. शेवटी फोन मुलानं घेतला आणि तेच वाक्य चुलत्याला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी अण्णा कार्ड घेऊन हजर. त्यावर हाकेचं नाव, आधारवर पाळण्यातलं! त्या भानगडीत आणखी चार दिवस गेले, आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या माणसानं, पाठपुरावा केला म्हणून तेवढ्यावर निभावलं. तोवर डॉक्टरांच्या सहीनं रेल्वेचा फॉर्म करून घेतला: स्लीपरला पेशंटचं तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत.

खोलीचं भाडं, जेवण, बुडालेली मजुरी मात्र योजनेत बसत नाही. ते मी दोघांसमोर कागदावर मांडलं. अप्पांनी आकडा वाचला आणि पेन मागून खाली लिहिलं: "म्हैस विका. रान नाही."