आईचं मशीन कुठं ठेवायचं?

"काकू, मी अकोल्याची, वय 32, लग्न केलेलं नाही. 1 जुलैला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत क्वालिटी विभागात रुजू होतेय. कोल्हापुरात ओळखीचं कुणी नाही. फोटोंवरून तीन घरं बाजूला काढलीत. पहिलं कागलमध्ये, नवी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट लवकरच बसणार आहे, भाडं 7,500. दुसरं शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला, तळमजला, नुकतंच रंगवलेलं, 9,000. स्टँड आणि रेल्वे स्टेशन दोन्ही जवळ. तिसरं राजारामपुरीत, जुन्या बंगल्याचा तळमजला, खोल्या लहान, 12,500 आणि डिपॉझिट 50,000. भावाच्या शिक्षणाचा हप्ता माझ्याच पगारातून जातो, म्हणून मन कागलकडे ओढतंय. प्रत्येक एजंट 'मिस्टर काय करतात' विचारतो, त्याचाही वैताग आलाय. सोबत आई असेल, तिचे गुडघे दुखतात. काय करू? ता. क. आईचं जुनं शिलाई मशीन आणू की विकून टाकू? उगीच जागा अडवतं."

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हा कागल की कोल्हापूर एवढाच प्रश्न आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की भाडं, स्टँड, एजंट असं सगळं झाल्यावर शेवटी कुठंतरी आई येते, आणि तिचं मशीन तर ता. क. मध्ये. घर तू घेतेस ते झोपायला. सकाळी साडेसातला बाहेर पडणार, संध्याकाळी सातला येणार, रविवारी कपडे धुणार. त्या भिंतींत दिवस काढायचाय तो आईला.

कागलबद्दल माझी काही तक्रार नाही. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांच्या घरातूनच 1884 ला दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले, तेव्हा कागलला नावं ठेवायची आमची प्राज्ञा नाही. तू एकटी येत असतीस तर डोळे झाकून सांगितलं असतं, कागलला राहा आणि अर्धा तास जास्त झोप. पण तिसरा मजला आणि 'लवकरच' बसणारी लिफ्ट! एजंटच्या तोंडचं लवकरच म्हणजे काय, ते भाड्याच्या घरात राहिलेल्या कुणालाही विचार. दुखऱ्या गुडघ्यांची बाई अशा घरातून पहिल्या आठवड्यात दोनदा खाली उतरेल, दुसऱ्या आठवड्यात एकदा. मग भाजी तू येताना आणायला लागशील, आणि आई गॅलरीतून महामार्गाच्या गाड्या मोजत बसेल.

आता शाहूपुरी. इथं जरा थांबते, कारण फोटोत न दिसणारी गोष्ट हीच आहे. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती घडतात, आणि पंचगंगेला मोठा पूर आला की पाणी त्याच गल्लीत शिरतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरलं, 2021 च्या जुलैत परत शिरलं. आमच्याकडे पावसाळ्यात माणसं चहाच्या आधी विचारतात, "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" पंचगंगेची पातळी तिथं मोजतात: 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. त्या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. माझी नणंद तेव्हा अशाच एका तळमजल्यावर राहत होती. रात्री अंगणात पाणी दिसलं म्हणून तिनं गाद्या तेवढ्या माळ्यावर टाकल्या, पहाटे तिला बोटीतून बाहेर काढलं. नवव्या दिवशी आम्ही दार उघडलं तेव्हा फ्रीज स्वयंपाकघरातून निघून देवघराच्या दारात आडवा पडला होता आणि भिंतीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ होती, जणू कुणी पट्टी धरून ओढलेली.

तू पाठवलेला त्या घराचा फोटो मी मोठा करून पाहिला. रंग नवा आहे, छान आहे. पण स्वयंपाकघरातली बटणं बघ किती वर बसवलीत, तुला चवड्यावर उभं राहावं लागेल. हौस म्हणून तिथं कुणी बटणं बसवत नाही. बेडरूमच्या दाराचा खालचा भाग वेगळ्या पत्र्यानं मढवलाय, तोही का ते ओळख. मी चुकतही असेन. म्हणून शेजारच्या दुकानदाराला विचार, पण 'इथं पाणी येतं का' असं विचारू नको, 'नाही हो' म्हणून मोकळा होईल. 'एकवीस साली पाणी कुठपर्यंत आलं होतं?' असं विचार. माणूस आपोआप हात करून भिंतीवर उंची दाखवतो. आणि तुमचं येणं नेमकं 1 जुलैचं. अकोल्यात 45 अंशांचा उन्हाळा काढलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात नदीची पातळी मोजत जागायला लावू नये.

तेव्हा गुडघ्यांसाठी तळमजला हवा आणि पुरासाठी उंची. दोन्ही एकाच घरात हवं तर गावाच्या पूर्वेला, दक्षिणेला बघायचं: राजारामपुरी, टाकाळा, सागरमाळ, राजेंद्रनगर, विद्यापीठाचा परिसर. नदीचं पाणी तिकडे चढत नाही. त्यामुळे तुझं तिसरं घर जुनं असलं तरी माझा कौल त्यालाच. तिथून विद्यापीठावरून उजळाईवाडीला महामार्ग लागतो आणि तू सरळ कागलच्या दिशेला. पूर मोठा असला की महामार्ग अडतो तो शिरोलीच्या बाजूला, तुझी वाट उलटी आहे. कंपनीची बस कुठून सुटते, कावळा नाक्यावरून की आणखी कुठून, हे मात्र एचआरला आजच विचार. थांबा घरापासून चालत दहा मिनिटांत नसेल तर रोजची रिक्षा भाड्यात धर.

पैशाचं मी गोड करून सांगणार नाही. कागलपेक्षा हे महिन्याला 5,000 ने महाग, वर्षाचे 60,000. भावाचा हप्ता असताना ही रक्कम लहान नाही. झेपत नसेल तर कागललाच, पण तळमजला शोध. 7,500 चे 8,500 झाले तरी चालतील. आणि राजारामपुरीच्या मालकाशी घासाघीस कर. जुन्या घरात, लहान खोल्यांत 12,500 हा आकडा बोलायचा आहे, द्यायचा नाही. "आता सर्किट बेंच आलं, भाडी वाढली" असं ऐकवतील. हायकोर्टाचं बेंच ऑगस्ट 2025 मध्ये आलं हे खरं, पण त्यांच्या मोरीची फुटकी फरशी त्यानं बदललेली नाही, असं हसून म्हणायचं.

करार नोंदवूनच घे. "नोटरी करू, अकरा महिन्यांचं तर आहे" असं सांगतील. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि पुढं वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात, म्हणजे नोंदणीत त्यांचंही हित आहे. खर्चाचं भय घालू देऊ नको. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं गृहीत व्याजही धरतात. तुझ्या बाबतीत पाचशेच्या आत बसेल. नोंदणी फी शहरात 1,000. डिपॉझिट चेकनं किंवा ऑनलाईन दे, आणि किती दिवसांत परत मिळणार ते करारात लिहून घे. पाणी कधी येतं, किती वेळ, टाकी सामाईक आहे का, हेही विचार. काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन 2023 च्या दिवाळीत आली, पण ते पाणी तुझ्या मोरीपर्यंत कसं पोचतं हे शेजारीणच सांगेल.

एजंटांचं 'मिस्टर काय करतात' मलाही डोक्यात जातं. "मी नोकरी करते, आई सोबत असते, करार माझ्या नावानं होईल." एवढी तीन वाक्यं, आणि पुढं गप्प. त्यावर कुणी वाकडं तोंड केलं तर ते घर आपलं नव्हतंच. आई शेजारी उभी असली की हा प्रश्न निम्मा कमी होतो, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

आणि म्हणूनच तिला घर बघायला घेऊन ये. जूनमध्ये चार दिवस काढ, स्टँडजवळ लॉजमध्ये उतरा. एक दिवस नुसतं राजारामपुरीत हिंडा. गल्ल्यांना नंबर आहेत, आई दुसऱ्या दिवशी एकटी परत येऊ शकेल. मारुतीचं देऊळ आहे, भाजी आहे. आमच्या बायका पहिल्या भेटीत 'कुठल्या तुम्ही, किती भावंडं, मुलगी काय करती' सगळं विचारतील. तुला ते एजंटासारखं वाटेल. आईला नाही वाटायचं. तिची वऱ्हाडी ऐकायला चार जणी कट्ट्यावर थांबतील.

राहिलं मशीन. ते विकू नकोस. ते किती वर्षांचं आहे, त्यावर कुणाच्या शाळेच्या फिया निघाल्या, हे तू लिहिलेलं नाहीस, पण 'जुनं' लिहिलंयस. आईनं नवीन गावात पहिला ब्लाऊज शेजारणीला शिवून दिला की तुला भाडेकरू म्हणून ओळखणं बंद होतं, 'मशीनवाल्या काकूंची मुलगी' म्हणतात. राजारामपुरीच्या त्या घराच्या फोटोत पुढच्या खोलीला रस्त्याकडे एक खिडकी दिसते. तिच्याखाली सकाळचा उजेड किती वेळ राहतो ते बघायला दहाच्या आत जा, आणि निघताना मशीनची लांबी-रुंदी टेपनं मोजून कागदावर लिहून आण. पायडलसकट.