कपाट दिलंत, किल्ली?

‘माई, जय ख्रिस्त. मी भुसावळची, वय 63. मिस्टर रेल्वेत होते, अडीच वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निजले. पुढच्या महिन्यात मुलाकडे कायमची पुण्याला जाते आहे, म्हणून घर आवरलं. काही विकलं नाही, मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला दिलं: दोन मोठी पितळी तपेली, परात, दोन डझन ताटं, शिलाई मशीन, लोखंडी कपाट. पाच महिने झाले. हंगामाच्या सणाच्या जेवणाला तपेली मंडपवाल्याकडून भाड्यानं आली, माझी मागच्या पडवीत पालथी पडलीत. मशीन पाळकसाहेबांनी मला न विचारता नवापूरकडच्या एका मुलीला देऊन टाकलं. कपाटाचं तर काहीच केलं नाही, आहे तसं उभं आहे. किल्ली माझ्याकडेच आहे, वरच्या कप्प्यात यांचे थोडे कपडे आहेत. उपासनेत कुणी एका शब्दानं आभार मानले नाहीत. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांना पत्र लिहू का? आणि दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, पुण्याहून इथे पाठवू की बंद करू?’

ताई, मूळ पत्रात तपेल्यांवर तुम्ही दीड पान लिहिलंत, मशीनवर एक. किल्लीवर अर्धी ओळ. मी त्या अर्ध्या ओळीवर अडले आहे.

कपाटाचं मंडळीनं काही केलं नाही म्हणता. कसं करणार? ते बंद आहे आणि किल्ली तुमच्या घरी आहे. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या नोंदवह्या, प्रभुभोजनाचे पेले, गीतांची पुस्तकं हे सगळं ठेवायला लोखंडी कपाट कुठल्याही मंडळीला हवंच असतं. पाच महिन्यांत कुणी कुलूपवाला बोलावला नाही, तुमच्या दारात येऊन ‘किल्ली द्या’ म्हटलं नाही. आत काय आहे हे भुसावळसारख्या गावात कुणाला ठाऊक नसेल असं वाटतं का? बाईचा नवरा गेलाय, राहू दे, असं म्हणून लोक गप्प बसले असतील. त्याला तुम्ही बेपर्वाई म्हणून मोकळ्या झालात.

बायबलमधलं हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं आपल्याला संडेस्कूलपासून माहीत. जमीन विकून मंडळीला दिली म्हणाले, त्यातले पैसे लपवले आणि कोसळून मेले, एवढंच लोक लक्षात ठेवतात. प्रेषितांच्या कृत्यांचा 5 वा अध्याय काढा आणि प्रेषित पेत्र हनन्याला काय विचारतो ते बघा. जमीन होती तोवर तुझीच होती ना? विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता ना? म्हणजे ठेवून घ्यायला कुणाची ना नव्हती. ठेवून घ्यायचं आणि दिलं म्हणायचं, याला होती. घाबरू नका, तुम्ही कोसळणार नाही. पण कपाट तुम्ही दिलेलं नाही, चर्चमध्ये नेऊन ठेवलंय. बिनभाड्यानं.

तपेल्यांचं आधी उरकते. पितळेला आतून कल्हई नसेल तर आमसुलाचं वरण त्यात कळकतं, ताकाची कढी तर नक्कीच. चव जाते, मळमळतं, आणि दोनशे माणसांच्या पंगतीत वरण-बट्टी वाढताना कुठलीच स्वयंपाकीणबाई ही जोखीम घेणार नाही. देताना कल्हई करून दिली होतीत का? पत्रात तसं नाही, म्हणजे नसावी. नवसागर लावून, कथील फिरवून देणारा कल्हईवाला आता दारावर येत नाही, त्याला शोधावं लागतं, आणि मोठ्या तपेल्याला पैसेही बरे पडतात. ते काम महिला मंडळावर टाकून तुम्ही दान दिलंत. एक तर कल्हईचे पैसे पाकिटात घालून द्या, नाहीतर पंचांना स्पष्ट सांगा की मोडीत काढा, पितळ वजनावर जाईल. भाड्याच्या तपेल्यांवर रुसू नका.

मशीन ज्या मुलीला दिलं ती त्यावर ब्लाउज शिवून चार पैसे मिळवत असेल. यात तुमची तक्रार काय, हे मला दोनदा वाचूनही कळलं नाही. हंगामाच्या सणाला लोक केळीचा घड, ज्वारी, कोंबडी आणतात, उपासनेनंतर लिलाव होतो, आपला घड शेजारी बोली लावून घेऊन जातो. त्याची शिकरण केली की जावयाला दिला, कुणी विचारतं का? तिथे तुम्हीही विचारत नाही. एक मात्र खरं, पंचांनी या वस्तू मंडळीच्या मालमत्तेच्या नोंदवहीत चढवायला हव्या होत्या. न्यासाला जंगम मालमत्तेची वही ठेवावीच लागते. ते त्यांचं चुकलं असेल तर त्यांचं त्यांना भरू दे, त्यासाठी तुमचं पत्र नको.

आता त्या वरच्या कप्प्याकडे.

सगळं घर पाच महिन्यांपूर्वी आवरलंत आणि तेवढा एक कप्पा राहिला. घरात ठेवला असता तर रोज दिसला असता, टाकून द्यायला हात धजला नाही. म्हणून तो चर्चमध्ये, कुलपात, देवाच्या राखणीत. ताई, हे मला समजतं. पण बंद लोखंडी कपाटात सुती कपड्यांना कसर लागते, घडीवर पिवळी रेघ उमटते आणि लोकरीचं पहिलं जातं. ज्याला जपताय ते आत संपत चाललंय.

या शनिवारी जा. सकाळी, चर्च उघडं असतं पण माणसं नसतात तेव्हा. सुनेला नेऊ नका. ती भराभर आवरेल. दोन कापडी पिशव्या घ्या. एकेक कपडा काढा, आधी खिसे बघा. रेल्वेच्या माणसाच्या शर्टाच्या खिशात काय काय सापडतं ते तुम्हाला मी सांगायला नको. गणवेश असेल तर बिल्ला आणि नावाची पट्टी उसवून ठेवा, ओळखपत्र कुणाच्या हाती जाऊ देऊ नका. मधला लॉकर उघडा. पेन्शनचे कागद, पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) प्रत तिथे राहिली असेल तर ती तुमच्या पर्समध्ये. नोव्हेंबरात पुण्याच्या बँकेत हयातीचा दाखला देताना पीपीओचा नंबर लागतो, तेव्हा भुसावळला कपाट उघडायला कोण जाणार?

घरी आणून कपडे धुवा, दोन दिवस कडक उन्हात घाला. मग त्यांच्या मापाचा माणूस बघा. मंडळीत तो कोण, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या हातात नीट इस्त्री करून द्या, आणि रविवारी तो शर्ट पुढच्या बाकावर दिसेल, याची मनाची तयारी ठेवा. ते जमणार नसेल तर यावल-चोपड्याकडच्या एखाद्या वाडीत पाठवा, जिथे तुमची नजर पोचणार नाही. त्यात कमीपणा नाही.

आणि एक ठेवा. स्वेटर, मफलर, जे पहिल्यांदा हाताला लागेल ते. लपवून नको, पुण्याच्या बॅगेत वरच, मुलाला दिसेल असं.

दशमांशाचं म्हणाल तर ज्या चर्चमध्ये प्रभुभोजन घ्याल तिथे द्या. आभार मानले नाहीत म्हणून बंद करायचा असेल, तर तो दशमांश नव्हता, वर्गणी होती.

कप्पा रिकामा झाला की कपाट आतून ओल्या फडक्यानं पुसा, दारं उघडी टाकून वारा लागू द्या आणि किल्ल्या पंचांच्या हातात ठेवा. दोन्ही. लॉकरची छोटी किल्ली बहुधा त्याच कडीत असेल. नसली तर तुमच्या सुई-दोऱ्याच्या डब्यात बघा.