तो पाइपाचा तुकडा आधी ताब्यात घ्या

प्रश्न : मी देवरूखला शिक्षिका आहे. माझी चार वर्षांची टर्बो पेट्रोल गाडी आहे, वाढीव वॉरंटी अजून चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी कोल्हापूरला भावाकडे असताना गाडीखाली गुलाबी पाणी सांडलेले दिसले. गॅरेजवाल्याने टर्बोजवळचा कूलंटचा प्लास्टिक पाइप चिरल्याचे दाखवले. नवीन पाइप यायला आठ दिवस लागतील म्हणून चिरलेला भाग कापून आत धातूची नळी घातली, सील लावले आणि वरून क्लिपा आवळल्या. भावासमोर म्हणाला, "बिनधास्त कोकणात उतरा." ६,५०० रुपये रोख घेतले, बिल दिले नाही. पाइपाचा फोटो आणि रकमेचा मेसेज मात्र व्हॉट्सॲपवर आहे. अकरा दिवसांनी आंबा घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बोनेटमधून वाफ आली. रस्ता अरुंद, मोबाईलला रेंज नाही, म्हणून दोनेक किलोमीटर तशीच नेली. मग गाडी बंद पडली. टोचन करून कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला आणली. इंजिनाचे हेड (वरचे धातूचे झाकण) वाकले, त्याखालची गॅस्केट गेली, खर्च १,८५,००० रुपये. बाहेर काम केले म्हणून वॉरंटी नाकारली, विमा कंपनीनेही हात वर केले. गॅरेजवाला फोन उचलत नाही. सर्व्हिस सेंटर म्हणते, लगेच मंजुरी द्या, नाहीतर रोज ५०० रुपये पार्किंग लागेल. मी काय करू?

उत्तर : ताई, मंजुरीच्या कागदावर सही करण्याआधी सर्व्हिस सेंटरला आजच दोन ओळींचा ईमेल पाठवा : "जुना पाइप, आतली नळी, क्लिपा, गॅस्केट आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा, माझ्या लेखी परवानगीशिवाय भंगारात देऊ नये." तुमची सगळी केस त्या वीतभर पाइपावर उभी आहे. दुरुस्ती सुरू झाली की काढलेले भाग कोपऱ्यातल्या पिंपात जातात आणि महिन्याभरात भंगारवाला ते उचलून नेतो. मग ग्राहक आयोगासमोर उरतो तो फक्त तुमचा शब्द आणि गॅरेजवाल्याचा शब्द.

हा पाइप काय सोसतो ते समजून घ्या, कारण युक्तिवाद तिथूनच निघतो. इंजिन तापल्यावर कूलंट नव्वद-शंभर अंशांवर असते आणि बंद यंत्रणेत एक ते दीड बार दाबाखाली फिरते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, त्याचे बेअरिंगही त्याच कूलंटने थंड राहते. शेजारून जाणारा धूर पेट्रोल गाडीत आठशे अंशांच्या पुढे जातो. अशा जागी कापून जोडलेला प्लास्टिकचा पाइप सपाट रस्त्यावर आठवडाभर टिकेलही. घाटात इंजिनावर ताण आला, दाब आणि उष्णता वाढली, की जोड सुटतो. कुठलाही जाणता मेकॅनिक हे जाणतो. तशी जोडणी करणे हाच गुन्हा, असे मी म्हणणार नाही. अडलेली गाडी पुढच्या गावापर्यंत नेण्यासाठी मेकॅनिक असे करतात, आणि कधीकधी त्यानेच माणूस सुखरूप घरी पोचतो. पण मग "हे तात्पुरते आहे, घाट चढू नका, आठ दिवसांत पाइप बदला" असे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. तुम्हाला सांगितले गेले नेमके उलट. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे. निष्काळजीपणा तर तिच्यात येतोच, ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची असते. त्याने स्वतःच्या गाडीचा असा पाइप जोडून घाट चढला असता का, हा प्रश्न त्याला उलटतपासणीत विचारता येईल.

बिल नाही म्हणून घाबरू नका. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे त्याची चूक तुमच्याच तक्रारीतला एक मुद्दा होते. व्हॉट्सॲपवरचा फोटो आणि रकमेचा मेसेज, दोन्ही सोन्यासारखे आहेत. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉटच्या प्रिंटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांवर कोर्टाइतका अडून बसत नाही, तरी ही फट उघडी कशाला ठेवायची? आणि भावाचे प्रतिज्ञापत्र हवेच. "बिनधास्त उतरा" हे वाक्य ऐकणारा तोच एक साक्षीदार आहे.

आता ज्या गोष्टीने तुम्हाला रात्री झोप येत नसेल, त्या दोन किलोमीटरांबद्दल. समोरचा वकील पहिला हल्ला तिथेच करेल : "काटा लाल दिसल्यावरही गाडी चालवली, हेड त्यामुळे वाकले." तक्रारीत "मी लगेच थांबले" असे लिहिण्याचा मोह होईल. कृपा करून लिहू नका. इंजिनाच्या संगणकात बिघाडाचा कोड नोंदलेला असतो, त्या क्षणीचे तापमान आणि वेग असतो, आणि बऱ्याच गाड्यांत दिवा लागल्यानंतर गाडी किती अंतर गेली तेही असते. स्कॅनर लावला की खरा आकडा बाहेर येतो आणि एका खोट्या वाक्याने बाकीची सगळी खरी वाक्ये मातीमोल होतात. जे घडले तेच लिहा : वळण अरुंद होते, मागे वाहने होती का, रेंज कुठे मिळाली, कुठे थांबणे सुरक्षित होते. घाटातल्या वळणावर एकट्या बाईने गाडी उभी न करणे हा बेजबाबदारपणा ठरत नाही, पण आयोग त्यासाठी भरपाईतून काही भाग वजा करू शकतो. ती शक्यता मनाशी धरून चला. स्कॅनचा पूर्ण रिपोर्ट छापून घ्या, आणि कोड पुसण्याआधी घ्या.

तपासणी तिऱ्हाइताकडून करवा. सर्व्हिस सेंटरचे मत कामाचे, पण काम मिळण्यात त्यांचाही फायदा आहे. परवानाधारक मोटार सर्व्हेअर किंवा तंत्रनिकेतनातले यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक यांच्याकडून लेखी अहवाल घ्या : जोड कुठे सुटला, हेड किती वाकले, दुसरी कुठली गळती होती का. गॅरेजवाल्याला तारीख, वेळ कळवून हजर राहायला सांगा. आला नाही तरी "माझ्यामागे तपासले" हे म्हणायची सोय त्याला राहत नाही.

वॉरंटीबद्दल माझे मत तुम्हाला आवडणार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना दंड केला, आणि बाहेरच्या गॅरेजात काम केले एवढ्यावर सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे बजावले. त्या आदेशावर पुढे अपिले झाली, पण त्यातला विचार आजही मांडता येतो. मात्र त्याच आदेशात असेही आहे, की बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येते. तुमचे म्हणणे तरी दुसरे काय आहे? नुकसान जोडणीमुळे झाले, हेच ना? गॅरेजवाल्याविरुद्ध "जोडणी सदोष" आणि कंपनीविरुद्ध "जोडणीचा संबंध नाही" असे एकाच तक्रारीत लिहिणे म्हणजे दोन दगडांवर पाय. मुख्य प्रतिवादी गॅरेजच ठेवा. कंपनीकडून फक्त एक लेखी घ्या, की बाकीच्या भागांची वॉरंटी चालू आहे.

विम्यातही फार आशा नाही. मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, शिवाय बिघाडानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढलेले नुकसान विमेदाराच्या जोखमीवर, अशी अट असते. इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतले असेल तर त्याचे शब्द मला पाठवा, नसेल तर यात वेळ घालवू नका.

पार्किंगचे ५०० रुपये तुम्ही सही केलेल्या जॉब कार्डवर छापलेले आहेत का, ते पाहा. नसतील तर मनाला येईल तो दर लावता येत नाही. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत दुरुस्ती करणारा वस्तू अडवू शकतो, पण तो हक्क कौशल्याच्या कामापुरता आहे. उभ्या गाडीच्या भाड्यासाठी तो वापरता येत नाही. इंजिन उघडण्याची मजुरी मात्र द्यावी लागेल. अडलेच तर हरकत लिहून पैसे भरा आणि ती रक्कम तक्रारीत मागा.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, पंधरा दिवसांची मुदत देऊन पाठवा. मागणी : दुरुस्तीचा खर्च, टोचनचे पैसे, ६,५०० रुपये, व्याज आणि मनस्तापाची भरपाई. नवी गाडी मागू नका. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सदोष भाग बदलण्यापुरताच दिलासा योग्य मानला. ते प्रकरण वॉरंटीचे होते, तरी फुगवलेल्या मागणीने खरी मागणीही संशयात येते, हे तिथून घेण्यासारखे आहे. हेडचे फेसिंग (वाकलेला पृष्ठभाग घासून सपाट करणे) होऊन इंजिन चालणार असेल तर तेवढाच खर्च मागा.

तक्रारीसाठी कोल्हापूरला हेलपाटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात ती दाखल होते, ऑनलाइनही होते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. वकील सक्तीचा नाही. गॅरेजवाल्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ही मर्यादा पक्की केली. मुदत दोन वर्षांची आहे, पण गाडी तेवढे दिवस उभी ठेवणे तुम्हाला परवडणारे नाही. अहवाल हातात आला, भाग सीलबंद होऊन तुमच्या ताब्यात आले, फोटो निघाले, की दुरुस्तीला खुशाल मंजुरी द्या.

काढलेल्या भागांचे पाकीट सील करताना भावाला आणि सर्व्हिस सेंटरच्या एका माणसाला हजर ठेवा. तिघांच्या सह्या आणि तारीख पाकिटावर घाला, आणि त्या पाकिटाचा फोटो मला पाठवा. नोटिशीचा मसुदा त्यानंतर करू.