अलास्कातले खेकडे पकडणारे मच्छीमार खरंच इतका जीव धोक्यात घालतात, की टीव्हीवर वाढवून दाखवतात? आणि आपल्याकडचं कुणी तिथे कामाला जाऊ शकतं का?

मी मालवाहू जहाजावर डेक ऑफिसर आहे. खेकड्यांच्या बोटीवर कधी काम केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर धान्य भरून जपान-चीनकडे निघालं की आमचा जवळचा रस्ता युनिमॅक पासमधून (अलास्काच्या बेटांमधली सामुद्रधुनी) बेरिंग समुद्रात शिरतो, त्यामुळे ते पाणी हिवाळ्यात पाहिलेलं आहे. दोनशे मीटरच्या जहाजावर आम्ही हाताला लागेल ते धरून उभे असतो, आणि रडारवर तीस-चाळीस मीटरच्या बोटी काम करताना दिसतात. त्या पाहून कुतूहल वाढलं आणि अपघातांचे चौकशी अहवाल वाचायची सवय लागली.

धोका खरा आहे. टीव्हीवाले खोटं दाखवत नाहीत, पण त्यांचा कॅमेरा लाटांवर असतो. अहवाल वाचले तर दिसतं की बोटी बुडाल्या त्या बऱ्याचदा वजनाच्या हिशोबामुळे, आणि तो हिशोब बंदर सोडायच्या आधीच बिघडलेला होता.

तिथला पिंजरा म्हणजे पोलादी चौकट आणि नायलॉनची जाळी, साधारण सात फूट बाय सात फूट. रिकाम्या पिंजऱ्याचंच वजन तीनशे ते पावणेचारशे किलो. अलास्कातल्या डच हार्बर किंवा कोडिअ‍ॅकहून निघताना असे दीड-दोनशे पिंजरे डेकवर एकावर एक रचून साखळ्यांनी आवळतात. म्हणजे साठ-सत्तर टन वजन, तेही पाण्याच्या बरंच वर. जहाजावर पहिल्या वर्षाला शिकवतात ते हेच: वजन जितकं वर, तितकी जहाजाची सरळ व्हायची ताकद कमी.

त्यावर बर्फ. हवा शून्याखाली आणि वारा जोरात असला की उडालेला प्रत्येक तुषार पोलादाला लागताच गोठतो. रेलिंग, मास्ट, दोर, पिंजऱ्यांची जाळी, सगळं जाड होत जातं. खलाशी घण आणि बेसबॉलच्या बॅटी घेऊन तासन् तास बर्फ फोडत बसतात. वारा एका बाजूने असेल तर बर्फही त्याच बाजूला जास्त साठतो आणि बोट कलते. अशा वेळी बोट हळूहळू, आळसावल्यासारखी डोलायला लागते. नवख्याला वाटतं समुद्र शांत झाला. जाणत्याची झोप तिथेच उडते, कारण इतकं सावकाश डोलणारी बोट एखाद्या वेळी परत सरळ होत नाही.

बोटीच्या पोटातल्या टाक्यांची वेगळीच भानगड. मेलेला खेकडा लगेच खराब होतो, कारखाना तो घेत नाही. म्हणून खेकडे खेळत्या समुद्राच्या पाण्यात जिवंत आणावे लागतात. टाकी एकतर काठोकाठ भरलेली हवी नाहीतर पूर्ण रिकामी. अर्धवट भरलेली परात उचलून बघा, पाणी ज्या बाजूला धावतं त्या बाजूला हात ओढला जातो.

11 फेब्रुवारी 2017 ला ‘डेस्टिनेशन’ नावाची बोट बेरिंग समुद्रातल्या सेंट जॉर्ज बेटाजवळ पहाटे बुडाली. सहाच्या सहा माणसं गेली. मदतीची हाक द्यायलाही वेळ मिळाला नाही, फक्त पाण्यात सुटलेल्या बीकनचा (आपोआप संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) सिग्नल उपग्रहाने पकडला. बर्फ तर होताच, पण चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. बोटीवर किती वजन लादलं तर ती स्थिर राहील हे सांगणाऱ्या स्टॅबिलिटीच्या पुस्तिकेत एका पिंजऱ्याचं वजन 700 पौंड धरलेलं होतं, प्रत्यक्षात ते 840 च्या आसपास होतं. फरक फक्त साठेक किलोचा. पण डेकवर दोनशे पिंजरे होते, म्हणजे बारा टनांच्या वर वजन कागदावर कुठेच नव्हतं.

31 डिसेंबर 2019 च्या रात्री ‘स्कँडिज रोझ’ अशीच गेली. सातपैकी दोघे वाचले. त्यांना इमर्शन सूट (थंड पाण्यापासून वाचवणारा अंगभर पोशाख) चढवून तराफ्यापर्यंत पोहोचता आलं आणि कोस्ट गार्डच्या हेलिकॉप्टरने उचललं. या बोटीला दिलेली स्टॅबिलिटीची आकडेमोडच चुकीची निघाली. शिवाय मूळ नियमातही खोट होती. पिंजऱ्यांच्या ढिगावर बर्फ नेमका कसा साठतो याचा विचारच त्यात नव्हता. जाळीतून तुषार आत जातो, आतही बर्फ धरतो, हे डेकवरच्या कुणालाही ठाऊक होतं. कॅप्टनने प्रामाणिकपणे पुस्तिका पाळली तरी उपयोग नाही, याची मला जास्त भीती वाटते.

पूर्वी याहून वाईट होतं. 1990 च्या दशकात या एवढ्याशा ताफ्यात वर्षाला सरासरी सात-आठ माणसं मरत. तेव्हा ‘डर्बी’ पद्धत होती: ठरलेल्या दिवशी हंगाम उघडायचा, सगळ्यांचा मिळून ठरलेला आकडा भरला की बंद. 2004 मध्ये ब्रिस्टल बे या उपसागरातल्या लाल किंग क्रॅब जातीच्या खेकड्यांसाठी अडीचशेच्या आसपास बोटी उतरल्या आणि हंगाम जेमतेम तीन दिवसांत आटोपला. वादळ आलं म्हणून बंदरात थांबलात तर वर्षाची कमाई गेली. मग कोण थांबणार?

दोन गोष्टींनी चित्र बदललं. 1999 पासून हंगामाआधी कोस्ट गार्ड धक्क्यावर येऊन पिंजरे मोजायला लागलं, पुस्तिकेपेक्षा जास्त असतील तर उतरवून ठेवायला लावायचं. आणि 2005 च्या हंगामापासून प्रत्येकाचा कोटा, म्हणजे किती खेकडे पकडायचे तो हिस्सा, आधीच ठरला, त्यामुळे हवा बिघडली तर थांबता येतं. बोटी शंभराच्या आत आल्या, मृत्यू झपाट्याने घटले. टीव्हीवर धाडसाचं कौतुक खूप होतं, या कारकुनी कामाचं कुणी करत नाही. अर्थात शेकडो खलाशांची कामंही त्यात गेली, आणि ज्यांचा कोटा आहे ते आता घरी बसून त्याचं भाडं घेतात.

डेकवरचे धोके वेगळे. क्रेनला लटकणारा पिंजरा, पाण्यात सुटलेल्या दोराच्या वेटोळ्यात अडकणारा पाय, सलग वीस-वीस तासांचं काम. पाणी दोन-तीन अंशांचं. पडल्यावर पहिलं मिनिट नुसतं धापा टाकण्यात जातं, नंतर दहाएक मिनिटं हातपाय ऐकतात. 2000 ते 2014 मध्ये अमेरिकेत दोनशेच्या वर मच्छीमार बोटीवरून पडून मेले. त्यांतल्या एकाच्याही अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. कामात अडचण होते म्हणून घालत नाहीत, हे कारण मी जहाजावरही ऐकतो आणि मला चीड येते.

आता पैशाचं. पगार नसतो, वाटा असतो. डिझेल, आमिषाचे हेरिंग-कॉड, किराणा, कोट्याचं भाडं आधी वजा होतं, उरलेल्यातून खलाशांना टक्के. नवख्याचा वाटा त्यातही कमी. चांगल्या हंगामात थोड्या आठवड्यांत भरपूर मिळतात हे खरं. पण खेकडेच नसतील तर? 2018-19 च्या उष्ण पाण्यानंतर बेरिंग समुद्रातले सुमारे दहा अब्ज स्नो क्रॅब जातीचे खेकडे नाहीसे झाले. गरम पाण्यात त्यांची भूक वाढली आणि खायला पुरलं नाही, असं संशोधकांचं म्हणणं. 2022 मध्ये स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवला, 2024 मध्ये थोड्या कोट्यावर उघडला. मधल्या काळात बोटीचे हप्ते कुणाला चुकले नाहीत.

तिथे कामाला जाण्याबद्दल: अमेरिकी मासेमारी बोटीवरच्या जागा जवळजवळ सगळ्या तिथल्या नागरिकांना किंवा ग्रीन कार्डवाल्यांना जातात, आणि कॅप्टन ओळखीतूनच माणूस घेतो. आपला भारतीय सीडीसी (खलाशाचं अधिकृत नोंदपुस्तक) तिथे चालत नाही. ‘अलास्कात फिशिंग बोटीवर नोकरी, महिना इतके लाख’ म्हणत कुणी आधी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. समुद्रावरच जायचं असेल तर रीतसर कोर्स करून मर्चंट नेव्हीत या. कंपनीला माणसं पुरवणाऱ्या एजंटकडे आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) आहे का, हे डीजी शिपिंग या सरकारी जहाजवाहतूक खात्याच्या वेबसाइटवर तपासता येतं.