मुलांच्या सायनसचं दुर्बिणीचं ऑपरेशन करावं का? त्याने चेहरा वाकडा वाढतो का?

तुमचा मुलगा ६ वर्षांचा, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि घरचे म्हणतात चेहरा वाकडा वाढेल. हे वाचून राहवलं नाही, कारण याच एका वाक्यापायी माझ्या पोराची दोन वर्षं गेली.

आम्ही नागपूरचे. लेकाचं नाक बारा महिने बंद, पिवळा घट्ट शेंबूड, रात्रभर खोकला, सकाळी डोकं धरून बसायचा. आधीच्या डॉक्टरांकडून दर महिन्याला अँटिबायोटिकची नवी बाटली मिळायची, बस. सातव्या वर्षी अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागे घशाच्या वर असणाऱ्या गाठी, काढले, काही महिने बरे गेले, परत तेच. मग स्प्रे, सलाईनने नाक धुणं, अ‍ॅलर्जीचं औषध सगळं नीट तीन महिने केलं, तेव्हा कुठे धंतोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढून ऑपरेशन सांगितलं, आणि घरात सभा भरली. मोठ्या नणंदबाई म्हणे, "सर्दीसाठी कोणी ऑपरेशन करते का वं? पोराचं तोंड वाकडं होईन, मग बसशीन रडत." सासूबाई ओव्याची पुरचुंडी शेकत बसायच्या, हे गप्प, आणि मीही गप्प बसले. ते मला अजून खुपते. पोरगा वर्गात झोपायचा आणि मी मोठ्यांचा मान राखत होते.

चेहऱ्याची भीती पूर्वी डॉक्टरांनाही होती, डुकराच्या पिल्लांवरच्या प्रयोगात वाढ खुंटलेली दिसली होती म्हणून. पण नंतर ऑपरेशन झालेल्या मुलांचे चेहरे दहाएक वर्षांनी मोजले तर फरक सापडला नाही. नणंदबाईंना हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. चेहऱ्यावर चीरसुद्धा नसते, पूर्ण भूल देऊन नाकपुडीतूनच जातात आणि गालामागच्या, डोळ्यांमधल्या सायनसची, म्हणजे हाडांतल्या पोकळ्यांची, तोंडं मोकळी करतात म्हणजे आतलं साचलेलं वाहून येते. माझा दुसऱ्या दिवशी घरी होता, आणि महिन्याभरात तोंड मिटून झोपायला लागला.

घरच्यांना विचारूच नका, डॉक्टरांना विचारा.

हो, पण माझा तेव्हा ९ वर्षांचा होता आणि अ‍ॅडेनॉइड आधीच काढलेले होते. ६ वर्षांच्या मुलाला बहुतेकदा आधी तेच काढून बघतात, तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाही, ते नक्की विचारा. डोळा आणि मेंदू जवळ असतात, इजा क्वचितच होते पण होऊ शकते, म्हणून लहान मुलांची ही ऑपरेशनं नेहमी करणाराच डॉक्टर बघा. आणि अ‍ॅलर्जी याने जात नाही, आमच्याकडे मार्चमध्ये कूलर लागला की याच्या शिंका सुरू, नाक धुणं आजही रोज चालू आहे.