तुम्ही विचारलंय: तुमची भाची अमेरिकेत कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या शोकावर फॅमिली थेरपीत (म्हणजे अख्ख्या कुटुंबाच्या समुपदेशनात) पीएच.डी. करतेय. दुःख सगळ्यांचं सारखंच, मग वेगळा अभ्यास कशाला? आणि पुढे नोकरी मिळेल का?

दुःख सारखं असेलही, पण ते करायची मुभा सगळ्यांना सारखी मिळत नाही.

न्यू जर्सीत ईस्ट ऑरेंजला आमच्या वरच्या मजल्यावर एक कृष्णवर्णीय बाई राहायची. गोदामात रात्रपाळी करायची. तिला वाढवलं तिच्या आजीच्या मैत्रिणीनं. रक्ताचं नातं काही नाही. ती मैत्रीण वारली तेव्हा ही बाई घरच्यांच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या रजेचा फॉर्म छापायला माझ्याकडे आली. नात्याच्या रकान्यात आई, वडील, नवरा, मूल, भावंडं, आजी-आजोबा. "यातलं काय लिहू?" म्हणाली. 'आई' लिही म्हटलं, तर खोटं लिहिणार नाही म्हणाली. रजा मिळाली नाही. अशा रजेचा तिथे देशभर लागू असलेला कायदाच नाही. शनिवारी पहाटे पाळी संपवून ही तशीच चर्चला आली.

मी त्या अंत्यविधीला गेले होते. त्याला ते 'होमगोइंग' म्हणतात, घरी परतणं. पत्रिकेवर जन्म-मृत्यूऐवजी 'सूर्योदय' आणि 'सूर्यास्त' असं छापून तारखा दिलेल्या. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे घातलेल्या चर्चच्या बायका कडेला उभ्या होत्या. हिनं हंबरडा फोडला तेव्हा कुणी "आवर स्वतःला" म्हटलं नाही. एकीनं हातपंख्यानं वारा घातला, दुसरी पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. नंतर तळघरात सगळ्यांचं जेवण. आणि सोमवारी रात्री ही परत कामावर.

रटगर्स विद्यापीठाच्या नॅन्सी बॉयड-फ्रँकलिन यांनी १९८९ च्या पुस्तकात थेरपिस्टांना हेच सांगितलंय, की या कुटुंबांत मानलेली नाती आणि चर्च धरल्याशिवाय घर कळत नाही. मिसूरी विद्यापीठाच्या टॅशेल बोर्डेअर 'सफोकेटेड ग्रीफ' म्हणतात, म्हणजे घुसमटवलेला शोक: दुःखानं बिथरलेल्या मुलाला धीर द्यायचा सोडून शिक्षा करायची. समाजशास्त्रज्ञ डेब्रा अंबरसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की तिथल्या कृष्णवर्णीयांना आईवडील, भावंडं गोऱ्यांपेक्षा कमी वयात आणि जास्त वेळा गमवावी लागतात. एक मरण पचायच्या आत दुसरं. याचा वेगळा अभ्यास नको तर कशाचा हवा?

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. नाशिकला वाड्यात समोरच्या काकूंनी मला सहा वर्षं सांभाळलं, आई नोकरीला जायची म्हणून. त्या गेल्या तेव्हा दादा फोनवर म्हणाला, "आपल्याला त्यांचं सुतकसुद्धा नाही, तू कशाला एवढं तिकीट काढून येतेस?" मी ऐकलं आणि गेले नाही. तो फॉर्म आणि दादाचं सुतक, मला दोन्ही एकच वाटतात. म्हणून तुम्हालाही सांगते, माणूस आपलं असेल तर नातं विचारत बसू नका, निघा.

सगळी कृष्णवर्णीय कुटुंबं एकसारखी नसतात, हेही सांगायला हवं. आमच्याच गल्लीत हैतीची आणि नायजेरियाची माणसं होती, त्यांच्या रीती निराळ्या. मी थेरपिस्ट नाही. नोकरीचं म्हणाल तर परवाना असलेल्या फॅमिली थेरपिस्टला तिथे काम असतं, प्राध्यापकीचं भाचीच्या गाइडला विचारा.

आणि दादा, तू वाचत असशील तर: तर्पणात गुरू आणि मित्रांचीही नावं घेतात. या सर्वपित्रीला काकूंचं घे.